हेल

'हेल काढून बोलणं' हे आपण बहुतेक वेळा चेष्टेनंच म्हणतो. लग्नघरी चार गावची माणसं जमली की नकला सुरू होतात. आम्ही बेळगावकर वाक्याचं शेवटचं अक्षर ओढतो म्हणून हसू, गोव्याचे पाहुणे झोपाळ्यावर बसल्यासारखे वरखाली होत बोलतात म्हणून हसू, इंदूरच्या मावशींच्या मराठीत हिंदीची साखर पडते म्हणून हसू. मजा अशी, की हेल नेहमी दुसऱ्यालाच असतो. आपण स्वतः अगदी सरळ बोलतो, असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं.

पण हा हेल नुसता नकलेपुरता नसतो. त्याच्याकडे एक मोठं काम असतं, आणि ते काम तो इतक्या गुपचूप करतो की बिघडल्याशिवाय आपल्याला कळतच नाही. माझं बोलणं संपलं, आता तू बोल, हे सांगायचं काम. किंवा याच्या उलट, थांब हं, माझं अजून व्हायचंय, हे सांगायचं. विचार करून बघा. दोन बायका कट्ट्यावर तासभर बोलत बसतात. 'आता तुमची वेळ' असं कुणी कुणाला म्हणत नाही, मध्ये कुणी घंटा वाजवत नाही, तरी बोलणं एकीकडून दुसरीकडे चेंडूसारखं जात-येत राहतं. ते कसं?

याचा अभ्यास करणारी माणसं आहेत. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांनी 2009 साली जगातल्या दहा भाषांमधली साधी, रोजची बोलणी तपासली. हो-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो, हे मोजलं. दहा भाषांची सरासरी निघाली सुमारे एक पंचमांश सेकंद. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. जपानी माणसं सर्वांत झटपट, जवळजवळ प्रश्नाला लागूनच उत्तर देणारी. डेन्मार्कची सर्वांत सावकाश, पण तीसुद्धा अर्ध्या सेकंदाच्या आतच. त्या दहांत आपली एकही भाषा नव्हती, याची मला जरा चुटपुट लागली. असो.

आता गंमत बघा. चित्रातली वस्तू पाहून तिचं नाव उच्चारायचं म्हटलं तरी माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग पंचमांश सेकंदात अख्खं उत्तर तयार कसं होतं? उघडच आहे, समोरचा बोलत असतानाच आपण आपलं बोलणं जुळवायला घेतो, आणि तो कुठे संपवणार याचा अंदाज बांधून दारात उभे राहतो. हा अंदाज शब्दांवरून येतो, वाक्याच्या ठेवणीवरून येतो, आणि आवाजाच्या चढउतारावरूनही येतो.

आपल्या मराठीत तर हे काम आणखी नाजूक. आपलं क्रियापद शेवटी. 'मी उद्या तुमच्याकडे येणार' इथपर्यंत ऐकून कुणी हुरळलं, तर पुढे 'नाही' यायचं शिल्लकच असतं. कानडीतही तसंच, 'इल्ला' शेवटीच. म्हणून शेवटपर्यंत ऐकावं लागतं, आणि बोलणाऱ्यालाही शेवटपर्यंत आवाज तोलून धरावा लागतो. 'तू येणार' आणि 'तू येणार?' यांत अक्षराचा फरक नाही. लिहिताना प्रश्नचिन्ह घालतो, बोलताना ते काम फक्त आवाज करतो.

आणि आपल्या बायकांचं ते 'ऊन'! 'सकाळी उठून, आवरून, देवळाला जाऊन, येऊन, भाकऱ्या टाकून, डबे भरून...' प्रत्येक 'ऊन'वर आवाज किंचित वर राहतो, उंबऱ्यावर एक पाय ठेवून थांबल्यासारखा. ऐकणारीला पक्कं माहीत असतं की अजून काहीतरी यायचंय. ती मध्ये बोलत नाही, फक्त 'हं' म्हणते. शेवटी जेव्हा 'बसले एकदाची' असं येतं आणि आवाज खाली टेकतो, तेव्हा ती तोंड उघडते. हे तिला कुठल्या शाळेनं शिकवलं? कुठल्याच नाही. आईच्या कडेवर बसून शिकली.

त्या 'हं'चं तर केवढं कौतुक करावं! खाली उतरणारा 'हं' म्हणजे पटलं. वर चढणारा म्हणजे काय म्हणालीस, पुन्हा सांग. लांबवलेला म्हणजे असं होय, म्हणजे डाळीत काळं दिसतंय. आणि तीन तुटक 'हं हं हं' म्हणजे पोराच्या हातातला काचेचा पेला आधी खाली. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. कॅनडातल्या जॅनेट बॅव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली हेच प्रयोगानं दाखवलं. एकानं आपल्या आयुष्यातला जिवावरचा प्रसंग सांगायचा, दुसऱ्यानं ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप दुसरंच काम दिलं होतं. इंग्रजी 'टी' अक्षरानं सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. ते बिचारे शब्द मोजण्यात गुंतले, त्यांचे हुंकार आटले, आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टी ढासळल्या. ऐन शेवटाला ते अडखळायला लागले, तेच तेच पुन्हा सांगायला लागले. म्हणजे गोष्ट एकट्या सांगणाऱ्याची नसते. मोबाईलमध्ये डोकं घालून 'हं... हं...' करणाऱ्या लेकाला काही सांगताना आपली गाडी का घसरते, ते मला तेव्हा कळलं.

हे सगळं मी नुसती पुस्तकी हौस म्हणून सांगत नाहीये. आमच्या घराण्यात याच एका गोष्टीवरून एक संसार मोडायला आला होता.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची सून वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाची. एम. ए. झालेली, स्वभावानं शांत. माहेरी आई, वडील आणि ही, असं तीनच माणसांचं घर. एकानं बोलावं, दुसऱ्यानं ऐकावं, मग जरा थांबून तिसऱ्यानं बोलावं, अशी त्यांच्या घरची रीत. आणि सासर कसं? शहापुरातलं साड्यांचं दुकान, घरात अकरा माणसं. त्यातून आमचं जेवण सूर्यास्ताच्या आत. इतर घरांत दोन-तीन पंगती होत असतील, पण आमच्याकडे साडेपाचच्या सुमारास दुकानातून माणसं धावत येतात, सगळी एकदम पानावर बसतात, आणि दिवसभराचं सगळं त्या अर्ध्या तासात बोलून घेतात. त्यात निम्मं मराठी, निम्मं कानडी. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. दुसऱ्याच्या अंगावर बोलणं हे आमच्याकडे भांडण नव्हे, ती आपुलकी. मध्ये कुणी बोललं नाही तर आम्हांला वाटतं, याचं लक्ष नाही.

ती पोर वाट बघायची. समोरच्याचा आवाज खाली टेकेल, मग क्षणभर शांत होईल, मग आपण बोलू. आमच्या पानावर तो क्षण येतच नसे. तिनं तोंड उघडायच्या आत आमटीचं पातेलं आणि बोलणं दोन्ही पुढे गेलेली असायची.

दोन महिन्यांत नातेवाइकांत शिक्के बसले. 'घुमी आहे.' 'शिकलेली ना, आपल्यात कशाला मिसळेल?' आणि तिच्या बाजूनं? जाऊबाई प्रेमानं वाढताना म्हणायच्या, 'घे की!' आमच्या भागात हा 'की' म्हणजे निव्वळ आग्रह. तोंडात तुपासारखा विरघळणारा. तिच्या माहेरी याच जागी 'घे ना' म्हणायचे. आमचा तो वरून खाली आपटणारा 'की' तिला चढ्या आवाजातली टोचणी वाटे. किती वेळ सांगायचं, घे एकदाचं, असा. ती मुकाट्यानं घ्यायची आणि डोळ्यांत पाणी आणायची. जाऊबाई म्हणायच्या, भाजी आवडली नाही वाटतं.

मग ते मंगळवारचं प्रकरण झालं. बेळगावातल्याच एका संस्थेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मुलाखतीचा मंगळवार आला आणि गेला, ती गेली नाही. त्या रात्री तिनं आईला फोन करून रडून सगळं सांगितलं. दोन दिवसांनी तिचे वडील रात्रभर प्रवास करून दारात उभे. मुलीला घेऊन जातो म्हणाले. किती दिवसांसाठी, ते म्हणाले नाहीत.

सोप्यात सगळे बसले. मलाही बोलावणं आलं, कारण आम्ही त्याच गल्लीत राहतो. जाऊबाई कळवळून म्हणाल्या, 'अहो, आम्ही कधी नको म्हटलं? सांगितलं असतं तर हिच्या सासऱ्यांनीच गाडीत घालून नेलं असतं की!' ती हळूच म्हणाली, 'मी सांगितलं होतं. तीनदा.' पुतण्या म्हणाला, 'कधी? मी रोज पानावर असतो.' व्याही काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं की इथे कुणीतरी खोटं बोलतंय, आणि ते आपली मुलगी नव्हे.

मी तिला आत घेऊन गेले. म्हटलं, 'तू नेमकं काय म्हणालीस, तसंच्या तसं म्हणून दाखव.' ती म्हणाली, 'मंगळवारी मला जरा जायचं होतं...' आणि थांबली. आवाज ना वर, ना खाली. तसाच मध्ये सोडलेला. मी विचारलं, 'मग?' ती म्हणाली, 'मग काय? कुणीतरी विचारेल ना, कुठे म्हणून.'

तिच्या माहेरी असं वाक्य अर्धं सोडलं की समोरचा 'कुठे गं?' म्हणतो. ते अर्धं वाक्य म्हणजे दार लोटून ठेवणं. आमच्या पानावर आवाज असा सैल सुटला की ऐकणारा समजतो, हिचं झालं, आता मी. तिनं तीनदा दार लोटलं आणि तिन्ही वेळा दुसरंच कुणी आपलं गाठोडं घेऊन आत शिरलं. मी बाहेर येऊन म्हटलं, 'दोघी खरं बोलताहेत. हिनं सांगितलंय, आणि तुम्ही ऐकलेलं नाही.'

मला हे सुचलं त्याचं कारण वाचन. जॉन गंपर्झ नावाचे अमेरिकेतले एक भाषाअभ्यासक होते. त्यांनी एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. इंग्लंडमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं कामाला लागल्या. तिथले लोक तक्रार करायला लागले, या बायका उर्मट आहेत. खरं तर त्या फारसं बोलतच नसत. पानात मांस वाढल्यावर वर रस्सा हवा का, एवढं विचारायचं. रश्श्याला त्यांचा शब्द 'ग्रेव्ही'. इंग्रज बाई 'ग्रेव्ही?' असा आवाज वर नेऊन म्हणायची. आपल्या बायका 'ग्रेव्ही' असा आवाज खाली आणून म्हणायच्या. शब्द तोच, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, 'ही ग्रेव्ही, हवी तर घे, नाहीतर सोड.' आपल्या बायकांच्या कानाला तो नेहमीचा, नीट विचारलेला प्रश्नच होता. दोन्ही तऱ्हा ध्वनिमुद्रित करून सगळ्यांना एकत्र ऐकवल्या, तेव्हा आधी त्या बायकांना फरकच जाणवेना. नंतर जाणवला, आणि लोक आपल्याशी असे का वागतात हेही उमगलं.

याच गंपर्झांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा अभ्यास केला होता. तो 1971 साली प्रसिद्ध झाला, आणि भाषाशास्त्रात आपलं कुपवाड जगभर माहीत झालं. तिथले जैन शेतकरी घरात कानडी बोलणारे, मुसलमान उर्दू, आणखी काही घरं मराठी, थोडी तेलुगू. त्यांना दिसलं की शेकडो वर्षांच्या शेजारानं या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा साचा जवळजवळ एक होऊन गेला. माझं आजोळ मिरजेकडचं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. आजी आत 'ऊट आतेन्री?' विचारायची, बाहेर 'जेवण झालं काय हो?' म्हणायची, आणि दोन्हींची चाल एकच. कानडी आणि मराठी या दोन परक्या भाषा एका अंगणात एका चालीवर आल्या. आणि इथे बेळगाव आणि कारंजा, दोन्हीकडे मराठीच, दोन्हीकडे जैनच, तरी एका पानावर बसून चाल जमेना! भाषा एक आहे म्हणून आपण गाफील राहतो. परकी भाषा असती तर जपून ऐकलं असतं.

पण इथे मी सगळं हेलावर टाकून मोकळी होणार नाही. सोप्यात मी तशीच थांबले असते, तर सगळ्यांना फार सोयीचं झालं असतं. 'बघा, हेलाचा घोटाळा, कुणाचाच दोष नाही,' म्हणून चहा झाला असता. म्हणून मी थोरल्या भाऊजींना विचारलं, 'भाऊजी, याच हेलाचा जावई आपल्या पानावर असता आणि त्यानं मंगळवारी जरा जायचं होतं असं म्हटलं असतं, तर?' भाऊजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, 'सगळ्यांचे हात पानावर थांबले असते.' माणूस खरा. त्यांनी ते मान्य केलं.

कुणाचं अर्धं वाक्य उचलून धरायचं आणि कुणाचं खाली पडू द्यायचं, हे नुसता कान ठरवत नाही, मानही ठरवतो. अमेरिकेत 1975 साली झिमरमन आणि वेस्ट या दोघांनी काही स्त्री-पुरुषांची संभाषणं मोजली. एकमेकांना मध्येच तोडण्याचे 48 प्रसंग सापडले, त्यांतले 46 पुरुषांनी तोडलेले. पुढच्या अभ्यासांत आकडे इतके एकतर्फी आले नाहीत, आणि मध्ये बोलणं प्रत्येक वेळी तोडणंच असतं असंही नाही, हे आमच्या पानावरून मी सांगू शकते. तरी त्या 46 मधले दोनचार प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकीला पाठ असतील.

मार्गारेट थॅचरबाईंसारख्या खमक्या बाईचंही हेच झालं होतं. मुलाखतीत त्यांना वारंवार मध्येच तोडलं जायचं. ते का, याचा एक छोटा अभ्यास 1982 साली 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात आला. त्यात दिसलं की बाईंचा आवाज वाक्य संपायच्या आधीच, मधल्याच एखाद्या जागी झपकन खाली उतरत असे. मुलाखतकाराला वाटे संपलं, तो बोलायला लागे, आणि बाईंचं तर अजून बाकी असे. पण फरक बघा. थॅचरबाई थांबत नसत, आपलं म्हणणं रेटून पुरं करत. त्यांच्यामागे पद होतं. नव्या सुनेमागे काय असतं? ती तोडली गेली की गप्प बसते, आणि गप्प बसली की घुमी ठरते. न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात, ते उगाच नाही. फक्त बाजारात तिला जागा कुणी दिली होती का, हे त्या म्हणीत कुणी विचारत नाही.

आपल्या धर्मात बोलण्याची केवढी काळजी घेतली आहे! साधूंच्या पाच समितींत भाषासमिती आहे. हिताचं, मोजकं आणि प्रिय बोलावं. वचनगुप्ती आहे, म्हणजे वाणीला आवर. प्रवचनात हे आपण इतक्यांदा ऐकतो, की अहिंसा म्हणजे जीव जपणं आणि तोंड जपणं, एवढं तरी मनात पक्कं होतं. मी काही शास्त्र जाणणारी नव्हे. पण मला आपलं वाटतं, वाणीला आवर घालायचा तो नुसता आपल्याला पाप लागू नये म्हणून कशाला? आपण थांबलो की तेवढ्या जागेत दुसऱ्याला बोलता येतं, हाही त्याचा लाभ आहेच की. बोललेल्या शब्दानं हिंसा होते, तशी न दिलेल्या अर्ध्या क्षणानंही होते.

माझ्या सासूबाई जेवताना मौन पाळत. खूण करून मीठ मागत. हात धुऊन उठल्या की मग पाटावरच बसून एकेकाचं नाव घेत. 'तुझं काय रे आज?' 'तुझं काय गं?' आणि विचारून गप्प बसत. खरंच गप्प. उत्तर यायला वेळ लागला तरी दुसऱ्याकडे वळत नसत. आम्ही नव्या सुना होतो तेव्हा दिवसातलं आमचं हक्काचं बोलणं तेवढंच, पण ते कुणी हिसकावत नसे. त्या गेल्या आणि पानावरचा बाजार मोकळा सुटला. त्या सोप्यात जाऊबाईंनाच ते आठवलं. त्या म्हणाल्या, 'अत्तींची ती रीत मी पुन्हा सुरू करते.' आमच्याकडे सासूला अत्ती म्हणतात. व्याह्यांनी मुलीकडे पाहिलं, मुलीनं मान हलवली, आणि ते एकटेच परत गेले.

ती जागा त्या वर्षी गेली ती गेलीच. त्याचं दुःख तिला झालं, आणि ते आमच्या रीती बदलल्यानं भरून आलं नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे अर्ज केला तेव्हा भाऊजींनीच तिला गाडीतून नेऊन सोडलं. पानावरची गडबड मात्र काही थांबली नाही. अकरा माणसं आणि अर्धा तास, कशी थांबेल? फक्त हात धुतल्यावर जाऊबाई तिचं नाव घेतात आणि थांबतात. पहिल्या पहिल्यांदा त्यांना ते थांबणं फार जड जाई, ओठांवर शब्द आलेला दिसायचा. आणि तीही काही शिकली. एकदा सगळे एकदम बोलत असताना ही मोठ्यांदा म्हणाली, 'थांबा की!' अगदी आमचा, वरून खाली आपटणारा 'की'. क्षणभर सगळे अवाक. मग हसण्याचा असा काही स्फोट झाला, आणि मग शांतता. ती म्हणाली, 'हां, आता ऐका.'

आता तिला मुलगी झालीय, पाच महिन्यांची. पोटात असतानाच बाळं आईचा हेल ऐकतात, हे आता मोजून पाहिलेलं आहे. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी तीस फ्रेंच आणि तीस जर्मन बाळांचं रडणं तपासलं. सगळी दोन ते पाच दिवसांची. फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढत जाणारं, जर्मन बाळांचं वरून खाली उतरणारं, ज्याच्या त्याच्या आईच्या भाषेसारखं. हे मी जाऊबाईंना सांगितलं, तेव्हापासून त्या घरात रोज वाद आहे. नातीच्या रडण्यात कारंजा किती आणि बेळगाव किती? जाऊबाई म्हणतात, एवढ्या जोरानं मध्येच तोंड घालते म्हणजे आमचीच. सून म्हणते, रडून झाल्यावर गप्प राहून बघते की नाही कोण येतंय ते, ते माझ्याकडचं.